मेलने आलेला रियाज उघडेना

मिरजेतल्या आमच्या तबल्याच्या वर्गात शिकलेली बरीच मुलं आता बाहेरगावी आहेत. कुणी पुण्याला इंजिनिअरिंग करतंय, कुणी लग्न होऊन न्यू जर्सीला गेलंय, एक जण मेलबर्नला आहे. शिकणं मात्र कुणी सोडलेलं नाही. आठवड्याच्या रियाजातला एखादा तुकडा चित्रित करून ती मेलने पाठवतात. गुरुजी तो वर्गातल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर बघतात आणि जे सांगतात ते मी त्याच मेलला उत्तर म्हणून लिहून पाठवते. त्यामुळे मेल उघडणं, फाइल उतरवणं आणि ती चालू करणं हे काम माझ्याकडे आहे.

व्हॉट्सॲप असताना मेल कशाला, असं पालक विचारतात. तिथे नेहमीच्या पद्धतीने व्हिडिओ टाकला की तो दाबून लहान केला जातो. गप्पांसाठी तेवढं पुरतं. तबल्यात मात्र द्रुत लयीतला रेला, म्हणजे सलग धावत्या बोलांची रचना, सुरू झाला की बोटं धूसर होतात, तिरकिटसारख्या बोलात कुठलं बोट कुठे पडलं ते कळत नाही आणि डग्ग्याचा घुमारा पोकळ होऊन जातो. गुरुजींना नेमकं तेच बघायचं असतं. शिवाय एका विद्यार्थ्याच्या सगळ्या मेल एकाच साखळीत राहतात. विशारदच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीचा पेशकार, म्हणजे वादनाच्या सुरुवातीची संथ रचना, जूनमध्ये कसा होता आणि दिवाळीत कसा झाला, हे त्या साखळीत वर-खाली सरकलं की दिसतं.

अडचण एकच होती, पण ती सारखी येत होती. मेल येते, खाली जोडलेली फाइल दिसते, तिच्यावर क्लिक केलं की व्हिडिओ चालत नाही. कधी नुसता काळा पडदा, कधी प्रीव्ह्यू दाखवता येत नाही असा निरोप, कधी गोल चक्र फिरत राहतं. गुरुजी समोर बसलेले असतात. “अगं, फाइल खराब आली असेल, त्याला परत पाठवायला सांग,” म्हणतात. मूल बिचारं तीच फाइल परत पाठवतं आणि ती पुन्हा तशीच अडते. तेव्हा मी प्रत्येक अडलेल्या फाइलचं कारण शोधून वहीत टिपून ठेवायचं ठरवलं.

पहिली गोष्ट लक्षात आली ती ही, की मेलच्या खिडकीत व्हिडिओ चालला नाही म्हणून फाइल बिघडलेली ठरत नाही. जीमेलसारख्या सेवेत जोडपत्रावर क्लिक केल्यावर जे दिसतं तो मेलसेवेने ब्राउझरसाठी केलेला प्रीव्ह्यू असतो. फाइल नुकतीच आली असेल, आकाराने मोठी असेल किंवा तिचा प्रकार त्या यंत्रणेला झेपत नसेल तर प्रीव्ह्यू तयारच होत नाही. म्हणून आता आमच्याकडे कुणीही व्हिडिओवर थेट क्लिक करत नाही. खाली बाण असलेलं डाउनलोडचं चिन्ह दाबायचं, फाइल विद्यार्थ्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची आणि तिथून उघडायची. एवढ्यानेच तक्रारींचा मोठा भाग संपला. न चालणाऱ्या कित्येक फाइली डिस्कवर उतरवल्यावर मुकाट्याने चालल्या.

त्यानंतरही ज्या अडल्या त्यांत सर्वांत जास्त आयफोनवरून आलेल्या होत्या. नावाच्या शेवटी डॉट एमओव्ही, क्लिक केलं की तबल्याचा आवाज खणखणीत आणि पडदा काळाकुट्ट. आवाज येतोय म्हणजे फाइल पोचलेली आहे, तुटलेली नाही, एवढं तर उघड होतं. मग चित्राचं काय झालं?

यात दोन गोष्टी वेगळ्या समजून घ्याव्या लागतात. एमओव्ही, एमपी4, एव्हीआय ही डब्यांची नावं आहेत. डब्यात चित्र आणि आवाज कुठल्या पद्धतीने घट्ट करून भरलेत ती पद्धत म्हणजे कोडेक, आणि डब्याच्या नावावरून ती कळत नाही. बरीच वर्षं व्हिडिओसाठी एच.264 हे कोडेक सगळीकडे चाललं. ते 2003 मध्ये आलं आणि आज जवळजवळ प्रत्येक यंत्राला कळतं. 2013 मध्ये त्याचं पुढचं रूप, एचईव्हीसी म्हणजेच एच.265, ठरलं. साधारण निम्म्या जागेत तेवढंच चांगलं चित्र देणं हे त्याचं उद्दिष्ट होतं. 2017 साली आयफोनची आयओएस 11 ही प्रणाली आली तेव्हापासून आयफोन 7 आणि त्यानंतरच्या फोनमध्ये ‘हाय एफिशियन्सी’ चालू असली की व्हिडिओ एचईव्हीसीत साठतात. विंडोजमध्ये ते उलगडणारा भाग सगळीकडे आधीपासून नसतो, मायक्रोसॉफ्टच्या स्टोअरमधून तो थोडे पैसे देऊन वेगळा घ्यावा लागतो. आमच्या वर्गातल्या कॉम्प्युटरवर तो नव्हता. आवाजाचं कोडेक मात्र जुनंच, ओळखीचं होतं, म्हणून आवाज येत होता.

यावर तातडीचा उपाय व्हीएलसी. पॅरिसजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात 1996 मध्ये विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून सुरू झालेला हा प्लेअर फुकट आहे, आणि बहुतेक सगळी कोडेक तो स्वतःबरोबरच घेऊन येतो, विंडोजकडे मागायला जात नाही. नारिंगी-पांढऱ्या शंकूचं चिन्ह बहुतेकांनी पाहिलेलं असेल. तो बनवणाऱ्या व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या साइटवरूनच घ्यावा. ‘व्हिडिओ चालत नाही’ असं शोधलं की ‘कोडेक पॅक’ नावाची जी गाठोडी समोर येतात, त्यांतलं एकही मी वर्गाच्या कॉम्प्युटरवर घातलेलं नाही. कुणी बनवलंय, आत काय आहे, याचा पत्ता लागत नाही.

व्हीएलसीमध्ये आणखी एक सोय आहे. व्हिडिओ चालू असताना कंट्रोल आणि जे एकत्र दाबलं की आत कुठलं कोडेक आहे, सेकंदाला किती फ्रेम म्हणजे सुटी चित्रं आहेत, आवाजाचे नमुने सेकंदाला किती आहेत, हे सगळं दिसतं. विद्यार्थ्याला नुसतं ‘चालत नाही’ कळवण्याऐवजी मी आता हा तपशील बघून मग उत्तर लिहिते.

चित्र दिसू लागलं आणि लगेच दुसरी, जास्त घातक अडचण पुढे आली. न्यू जर्सीच्या ताईचा रेला बघताना गुरुजी थांबले. म्हणाले, “हिची लय मध्येच अडखळते. आधी असं नव्हतं.” मला शंका आली, कारण कान देऊन ऐकलं तर आवाज सलग होता, चित्र मात्र मध्येच ठेचकाळत होतं. तपशील काढला तर फोर-के म्हणजे खूप बारकाईचं चित्र, सेकंदाला 60 फ्रेम, एचईव्हीसी. आमचा कॉम्प्युटर जुना. एचईव्हीसी उलगडण्याची खास सोय त्याच्या प्रोसेसरमध्ये नाही, म्हणून व्हीएलसी ते सगळं गणित नुसत्या सॉफ्टवेअरने करत होता आणि त्याला ते वेळेत जमत नव्हतं. ताईच्या हातात काही दोष नव्हता. तोच व्हिडिओ माझ्या भावाच्या नव्या लॅपटॉपवर पाण्यासारखा चालला आणि गुरुजींनी शेरा मागे घेतला. कॉम्प्युटरची दमछाक शिकणाऱ्याच्या माथी लागू शकते, हे त्या दिवशी दिसलं आणि मला ते फार लागलं.

म्हणून आयफोनवाल्या सगळ्यांना आम्ही एक सेटिंग बदलायला सांगितलं. सेटिंग्ज, कॅमेरा, फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कॉम्पॅटिबल’. मग फोन एच.264 मध्ये चित्रित करतो. फोर-के 60 फ्रेमला मात्र ‘हाय एफिशियन्सी’च लागते, म्हणून रेकॉर्डिंग त्याहून कमी बारकाईच्या 1080 वर ठेवायचं. काही अँड्रॉइड फोनमध्येही कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये अशीच ‘हाय एफिशियन्सी’ नावाची खूण असते, ती काढायची.

फ्रेमच्या बाबतीत मात्र मी 60 चा आग्रह सोडला नाही, आणि त्याला कारण आहे. मिनिटाला 180 मात्रांची लय धरा. म्हणजे सेकंदाला 3 मात्रा. मात्रेला 4 अक्षरं असली की सेकंदाला 12 आघात. सेकंदाला 30 फ्रेम असतील तर एका आघाताच्या वाट्याला अडीच फ्रेम येतात, त्यात बोट खाली येताना दिसलं तर उचलताना दिसत नाही. 60 असतील तर 5 येतात. व्हीएलसीमध्ये ई हे अक्षर दाबत एकेक फ्रेम पुढे सरकता येते. धिरधिरला पंजा किती सरकतोय, चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, बोट टोकाने पडतंय की पेराने, हे गुरुजी तसं बघतात आणि मग बोलतात.

पण यामुळे फाइल वाढते, आणि मेलला आकाराची मर्यादा आहे. ॲपलनेच दिलेल्या अंदाजाप्रमाणे 1080 मध्ये 30 फ्रेमचं एक मिनिट एचईव्हीसीत साधारण 60 एमबी घेतं, एच.264 मध्ये 130 एमबी. जीमेलची जोडपत्राची मर्यादा 25 एमबी. मेल मुळात मजकुरासाठी बनलेली. चित्र, आवाज, व्हिडिओ जोडायची रीत 1992 मध्ये माइम नावाने ठरली. तिच्यात फाइल साध्या अक्षरांच्या रूपात लिहून काढतात. दर तीन बाइटचे चार होतात, म्हणजे फाइल वाटेत एक तृतीयांशाने फुगते. जी मेलसेवा मर्यादा या फुगलेल्या आकारावर मोजते तिथे 25 एमबीच्या मर्यादेत खरी फाइल 18 एमबीच्या आसपासच बसते. पुण्याच्या मुलाची 20 एमबीची फाइल त्याच्या कॉलेजच्या मेलवरून का परत येत होती, याचा उलगडा असा झाला.

फाइल बसत नसली की लिंक येते. जीमेल आपणहून ती ड्राइव्हवर चढवतं, आयफोनची मेल ‘मेल ड्रॉप’ सुचवते. ड्राइव्हच्या लिंकला परवानगी दिलेली नसली की व्हिडिओच्या जागी परवानगी मागण्याचा पडदा दिसतो, आणि बघणाऱ्याला वाटतं व्हिडिओच चालत नाही. मेल ड्रॉपने 5 जीबीपर्यंत पाठवता येतं, पण 30 दिवसांनी लिंक मरते. आमच्या वर्षभराच्या साखळीला ते परवडत नाही, त्यामुळे लिंक आली की त्याच दिवशी फाइल उतरवून घेते. लहान तुकडा जोडपत्र, अख्खा कायदा (विस्तार करत वाजवायची रचना) तिहाईसकट (तीनदा वाजवून समेवर येणारा शेवटचा तुकडा) असेल तर ड्राइव्हची लिंक, असं आता ठरलंय. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलं तर मूळ फाइल जशीच्या तशी येते, हेही खरं. घाईच्या वेळी तेही चालवून घेतो.

काही फाइली नावापायी अडायच्या. नाव मराठीत द्यायची आमच्याकडे हौस आहे आणि मला ती आवडते. पण मेलमध्ये देवनागरी नाव सांकेतिक करून पाठवावं लागतं, आणि पाठवणाऱ्याचा मेलप्रोग्राम जुना असेल तर इकडे ‘तीनताल कायदा’च्या जागी प्रश्नचिन्हं नाहीतर अगम्य अक्षरांची माळ येते. कधी शेवटचं एमपी4 सुद्धा गळून पडतं. प्रकारच कळला नाही की कॉम्प्युटर विचारतो, कशाने उघडू? अशा वेळी फाइल उतरवून नावाच्या शेवटी डॉट एमपी4 लिहिलं की काम होतं. विंडोज हे शेपूट एरवी लपवून ठेवतं, ते दिसेल असं सेटिंग मी करून ठेवलंय. म्हणजे एखादी फाइल दिसायला व्हिडिओ आणि शेवटी डॉट ईएक्सई अशी असेल तर तीही डोळ्यांना कळते आणि उघडायच्या आधीच उडवता येते.

ऑफिसच्या आउटलुकवरून पाठवणाऱ्या एका काकांचा व्हिडिओ दर वेळी ‘विनमेल डॉट डॅट’ या नावाने यायचा. आउटलुक मेल ‘रिच टेक्स्ट’मध्ये पाठवतं तेव्हा जोडपत्रं स्वतःच्या वेगळ्या गाठोड्यात बांधतं आणि ते इतरांना सुटत नाही. काकांनी मेलचा प्रकार एचटीएमएल केला, प्रश्न मिटला.

ज्या फाइली व्हीएलसीतही चालत नाहीत त्यांचं दुखणं मात्र खरं असतं. मेलबर्नच्या मुलाची अशी एक फाइल आली. उघडते, लगेच बंद होते, शून्य सेकंद दाखवते. अशा वेळी मी आधी आकार जुळवून बघते. मेलमध्ये 17 एमबी लिहिलंय आणि डिस्कवर 11 एमबीच आहे, तर वाटेत वीज किंवा इंटरनेट गेलेलं असतं. आमच्याकडे पावसाळ्यात हे होतंच. पुन्हा उतरवायचं, बस. इथे दोन्ही आकडे सारखे होते.

एमपी4 आणि एमओव्हीमध्ये एक सूची असते, मूव्ह नावाची. कुठली फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे, तिची वेळ काय, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. तिच्याशिवाय आतल्या सामानाचा अर्थ लागत नाही. फोन बहुतेक वेळा ही सूची सर्वांत शेवटी, रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितो. रेकॉर्डिंग चालू असतानाच बॅटरी संपली तर सगळा रियाज फाइलमध्ये असतो, सूची नसते. मुलाला विचारलं, तसंच झालेलं होतं. तिहाई संपली आणि फोन बंद पडला. त्याच फोनने, त्याच सेटिंगवर काढलेली एक चांगली फाइल नमुना म्हणून दिली तर तिच्यावरून तुटलेल्या फाइलची सूची पुन्हा रचणारी साधनं आहेत. अनट्रंक हे त्यांतलं एक, फुकट मिळतं. त्याने तो तुकडा परत मिळवला, शेवटचे काही क्षण सोडून.

ऑनलाइन रूपांतर करून देणाऱ्या साइट्स अशा वेळी सोप्या वाटतात. मी त्या वापरत नाही. आमची निम्मी मुलं शाळकरी आहेत, त्यांचे घरातले व्हिडिओ कुठल्या तरी अनोळखी सर्व्हरवर चढवायचा मला अधिकार नाही. रूपांतर करायचंच झालं तर ते आपल्या कॉम्प्युटरवर, हँडब्रेक नावाच्या प्रोग्राममध्ये.

आणि रूपांतर करताना तबलावाल्यांनी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायला हवी. फोन सेकंदाला ठरावीक 30 किंवा 60 फ्रेम पकडतो असं आपण धरतो, पण तो उजेडाप्रमाणे, कामाच्या ताणाप्रमाणे थोडं कमी-जास्त करतो. काही प्रोग्राम हे लक्षात न घेता रूपांतर करतात आणि मग चित्र आवाजापासून हळूहळू सरकत जातं. सुरुवातीला सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, बरोबर दिसते, तालाच्या चार आवर्तनांनी हात पडून गेल्यावर बोल ऐकू येतो. 180 च्या लयीत एका अक्षराला सेकंदाचा बारावा हिस्साच मिळतो. तेवढी तफावत झाली की ‘तिर’ दिसतं तेव्हा ‘धा’ वाजतो. हँडब्रेकमध्ये व्हिडिओच्या पानावर ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडला की फ्रेम सारख्या अंतरावर मांडल्या जातात आणि ही सरक थांबते.

तफावत सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखी असेल तर कारण निराळं असतं. बऱ्याच ब्लूटूथ स्पीकरमध्ये आवाज सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याने किंवा त्याहूनही उशिरा बाहेर पडतो. व्हीएलसीत जे आणि के ही अक्षरं दाबून आवाज थोडा थोडा मागे-पुढे सरकवता येतो. आम्ही वर्गात सरळ वायरचे स्पीकर लावले.

या सगळ्यात एक फाइल मी मुद्दाम न बदलता ठेवलीय. गुरुजींच्या एका जुन्या विद्यार्थ्याने साध्या नोकियावर कधी काळी काढलेला तीनतालाचा पेशकार, थ्रीजीपी प्रकारचा. व्हीएलसीत ती लगेच चालली. आवाज त्यात एएमआर पद्धतीने भरलेला आहे, जी फोनवरच्या बोलण्यासाठी बनवली गेली. सेकंदाला 8000 नमुने, म्हणजे वरचं साधारण 3400 हर्ट्झच्या पुढचं काही उरत नाही आणि खालचा खर्जही गळतो. चाटेची धार नाही, डग्ग्याला पोट नाही. कुठल्याही रूपांतराने ते परत येणार नाही, कारण ते कधी नोंदलंच गेलं नाही. गुरुजींनी ती आवाज बंद करून पाहिली आणि उजव्या हाताचा निकास, म्हणजे बोल काढायची पद्धत, वर्गातल्या मुलांना दाखवला. आता ती मूळ फाइल वर्गाच्या डिस्कवर आणि माझ्याकडच्या पेनड्राइव्हवर अशी दोन ठिकाणी आहे.

न्यू जर्सीच्या ताईने नव्या सेटिंगवर, 1080 आणि 60 फ्रेममध्ये, तोच रेला पुन्हा पाठवला. वर्गातल्या जुन्या कॉम्प्युटरवर तो न अडखळता चालला. गुरुजींनी अर्ध्या वेगाने दोनदा पाहिला आणि मला लिहायला सांगितलं, “लय पक्की आहे. डग्ग्याचं मनगट उचललं जातंय, ते टेकवून ठेव आणि पुढच्या आठवड्यात बराबरीच्या लयीतच पाठव, दुप्पट नको.”